अणूचा आयन कसा होतो : धन-ऋणाचा हिशोब पहिल्यापासून

नववीच्या मुलांना आयन, म्हणजे विद्युत प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट, शिकवायला घेतला की दर वर्षी एक चूक हमखास भेटते. फळ्यावर क्लोरीनचा अणू काढलेला असतो. त्याला बाहेरून एक इलेक्ट्रॉन मिळाला, असा बाण दाखवलेला असतो. मी विचारते, "आता प्रभार किती?" अर्ध्याहून जास्त मुलं एका सुरात म्हणतात, "अधिक एक!" त्यांचा तर्क सरळ असतो. मिळालं म्हणजे वाढलं, वाढलं म्हणजे अधिक.

ही चूक दुरुस्त करायला मला मराठी भाषेइतकी मदत दुसऱ्या कशाचीच झालेली नाही. ऋण म्हणजे कर्ज. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, तेव्हा प्रत्येक इलेक्ट्रॉन हे एकेक रुपयाचं कर्ज समजा. प्रोटॉनचा प्रभार धन, तेव्हा प्रत्येक प्रोटॉन हा गाठीशी असलेला एकेक रुपया. ज्याने आणखी एक कर्ज अंगावर घेतलं तो ऋणात गेला, म्हणून तो ऋण आयन. ज्याच्या डोक्यावरचं एक कर्ज उतरलं त्याच्याकडे तेवढं धन उरलं, म्हणून तो धन आयन. एवढं पक्कं बसलं की या धड्याची निम्मी भीती जाते.

हा लेख नववी-दहावीच्या मुलांसाठी आहे, त्यांना घरी शिकवणाऱ्या आईवडिलांसाठी आहे, आणि शाळा सुटून वर्षं झाली तरी हा भाग कधी नीट उलगडलाच नाही असं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. मूठभर हरभरे, मूठभर तूरडाळ, एक मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. नुसतं वाचून पुढे जाऊ नका. हात चालले पाहिजेत.

पायरी १ : हरभरे मोजा

कागदाच्या मधोमध एक छोटं वर्तुळ काढा. हे अणुकेंद्रक. सोडिअमपासून सुरुवात करू. सोडिअमचा अणुअंक ११, म्हणजे केंद्रकात ११ प्रोटॉन. वर्तुळात ११ हरभरे ठेवा. केंद्रकात न्यूट्रॉनही असतात, पण त्यांच्यावर प्रभार नाही, त्यामुळे आजच्या हिशोबात त्यांना जागा नाही.

आता एक नियम ठरवून टाका, आणि लेख संपेपर्यंत तो मोडू नका : हरभऱ्यांना हात लावायचा नाही. अणूची ओळख प्रोटॉनच्या संख्येवर ठरते. ११ आहेत तोवर तो सोडिअम. एक जरी काढला तरी समोर निऑन उभा राहील, आणि अशी अदलाबदल चुलीवर, परीक्षानळीत किंवा समुद्राच्या पाण्यात होत नाही, तिला अणुकेंद्रकीय अभिक्रिया लागते. आयन होताना जे काही घडतं ते सगळं बाहेरच्या इलेक्ट्रॉनांत घडतं.

पायरी २ : डाळ मांडा

केंद्रकाभोवती तीन मोठी वर्तुळं काढा. ही कवचं, आतून बाहेर के, एल आणि एम. अणू उदासीन असतो, म्हणजे त्याचा एकूण प्रभार शून्य, म्हणून जितके हरभरे तितकेच डाळीचे दाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन : ११. पहिल्या कवचात २ मावतात, दुसऱ्यात ८, आणि उरलेला १ तिसऱ्यात. हे झालं सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण : २, ८, १.

शेजारी दुसऱ्या कागदावर क्लोरीन मांडा. १७ हरभरे, १७ डाळीचे दाणे : २, ८, ७.

(ही मांडणी पहिल्या २० मूलद्रव्यांपर्यंत, म्हणजे कॅल्शिअमपर्यंत बिनघोर चालते. लोखंड, तांबं यांच्याकडे वळलात की कवचांच्या आतले उपकप्पे मध्ये येतात आणि एवढ्या साध्या चित्राने भागत नाही. लोखंडाचे +२ आणि +३ असे दोन्ही आयन मिळतात ते त्यामुळेच. तो विषय अकरावीचा.)

पायरी ३ : सगळ्यात बाहेरचं कवच बघा

आता फक्त बाहेरच्या कवचाकडे लक्ष द्या. तिथे १, २ किंवा ३ इलेक्ट्रॉन असतील तर ते जाण्याची शक्यता मोठी. ५, ६ किंवा ७ असतील तर आठाला जितके कमी तितके बाहेरून येण्याची शक्यता मोठी. ८ असतील तर तो निऑन किंवा अरगॉनसारखा राजवायू, त्याची देवाणघेवाण साधारणपणे नाहीच. ४ असतील, जसे कार्बनमध्ये, तर चार देणं आणि चार घेणं दोन्ही फार महागात पडतं. असे अणू बहुधा इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात आणि आयन न होता सहसंयुज बंध करतात.

हायड्रोजनसारख्या अगदी छोट्या अणूंना आठाचा नियम लागू नाही, कारण पहिल्या कवचात मावतातच दोन.

पायरी ४ : दाणा हलवा आणि वजाबाकी करा

सोडिअमच्या तिसऱ्या कवचातला एकटा दाणा उचला आणि क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात ठेवा. आता दोन्ही कागदांवर मोजणी करा.

सोडिअम : ११ हरभरे, १० डाळीचे दाणे. ११ − १० = +१.
क्लोरीन : १७ हरभरे, १८ डाळीचे दाणे. १७ − १८ = −१.

प्रभार काढायचं एकच सूत्र आहे : प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन. "मिळाले", "गेले" या शब्दांवरून अंदाज बांधायला जाऊ नका, दर वेळी वजाबाकी करा. परीक्षेत घाईने जाणारे गुण इथेच जातात.

नावं ठेवायची पद्धत सोपी आहे. धातूचं नाव तसंच राहतं, सोडिअमचा सोडिअम आयन. अधातूचं नाव "-आइड"ने संपतं : क्लोरीनचा क्लोराइड, ऑक्सिजनचा ऑक्साइड, फ्लुओरीनचा फ्लुओराइड.

हाच खेळ मॅग्नेशिअम (१२) आणि ऑक्सिजन (८) घेऊन स्वतः करून बघा. मॅग्नेशिअम २, ८, २, दोन गेले, +२. ऑक्सिजन २, ६, दोन आले, −२. मग ॲल्युमिनिअम (१३) घ्या, उत्तर +३ आलं पाहिजे.

आता सोडिअमच्या कागदाकडे परत या. तिथे १० दाणे राहिलेत, २ आणि ८. निऑनमध्येही अगदी हेच संरूपण असतं. मग सोडिअम आयन म्हणजे निऑन का? हा प्रश्न एखादं हुशार मूल विचारतंच, आणि विचारलं तर मला फार आनंद होतो. उत्तर हरभऱ्यांत आहे. केंद्रकात अजून ११ आहेत. निऑनच्या १० इलेक्ट्रॉनांना १० प्रोटॉन ओढतात, इथे तेवढ्याच इलेक्ट्रॉनांना ११ ओढतात. त्यात बाहेरचं कवचच रिकामं झालं, त्यामुळे आयन अणूपेक्षा खूपच लहान होतो. सोडिअमच्या अणूची त्रिज्या सुमारे १८६ पिकोमीटर (मीटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोमीटर), तर आयनाची १०२. क्लोरीनचं उलट होतं. प्रोटॉन तेवढेच आणि इलेक्ट्रॉन एक जास्त, त्यांचं आपसातलं प्रतिकर्षण वाढतं आणि क्लोराइड आयन फुगून १८१ पिकोमीटरचा होतो.

पायरी ५ : याची किंमत कोण मोजतं?

इथे जरा थांबायचं आहे, कारण बहुतेक ठिकाणी हा भाग गाळला जातो आणि मुलांच्या मनात एक चुकीची गोष्ट कायमची बसते. "सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो, क्लोरीनला घ्यायचाच असतो, दोघं खूश होतात." लहान मुलांना सुरुवातीला असं सांगायला हरकत नाही, पण तिथेच सोडून दिलं तर ते खोटं आहे. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन फुकट सोडत नाही. धन केंद्रकाने ऋण इलेक्ट्रॉनला धरून ठेवलेलं असतं, आणि तो ओढून काढायला ऊर्जा लागतेच.

किती लागते, ते आकड्यांत बघू. मोल हे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं एकक. एक मोल सोडिअम, म्हणजे सुमारे २३ ग्रॅम, हे माप धरा. त्यातल्या प्रत्येक सुट्या अणूचा एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात. हिला आयनीभवन ऊर्जा म्हणतात. क्लोरीनच्या एक मोल अणूंना तेवढे इलेक्ट्रॉन मिळाले की ३४९ किलोज्यूल बाहेर पडतात. खर्च ४९६, जमा ३४९. १४७ ची तूट.

शिवाय आधीचे खर्च वेगळेच. सोडिअम हा स्थायू धातू, त्याचे अणू सुटे करायला १०७ लागतात. क्लोरीन जोडीने राहतो, ती जोडी फोडून एक मोल सुटे अणू मिळवायला १२२. सगळं धरलं तर :

१०७ + १२२ + ४९६ − ३४९ = ३७६ किलोज्यूल तूट.

एवढी तूट असताना मीठ तयार होतंच कसं? कारण हिशोब अजून पुरा झालेला नाही. तयार झालेले धन आणि ऋण आयन एकमेकांकडे ओढले जातात आणि स्फटिकात ओळीने रचून बसतात. प्रत्येक सोडिअम आयनाला सहा बाजूंनी सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडला सहा सोडिअम. या रचनेतून ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. ३७६ ची तूट भरून निघते आणि वर ४११ उरतात. सोडिअम आणि क्लोरीन एकत्र आले की जो लख्ख पिवळा उजेड आणि उष्णता दिसते, ती ही शिल्लक.

म्हणजे देणाराही फायद्यात नसतो आणि देणारा-घेणारा मिळूनही नसतात. भरपाई स्फटिक करतो. मला हा हिशोब पहिल्यांदा समजला तेव्हा "अष्टक पूर्ण करायची हौस" हे वाक्य मी वर्गात वापरणं सोडून दिलं. आठाचा नियम उत्तर पटकन काढायला उत्तम आहे. कारण सांगायला मात्र ऊर्जाच लागते.

याच हिशोबावरून "सोडिअम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही" हेही कळतं. पहिला काढायला ४९६ लागले. दुसरा आतल्या कवचातून, केंद्रकाच्या जवळून काढावा लागेल, त्याला ४५६२ लागतात, नऊपटीहून जास्त. एवढी तूट कोणताही स्फटिक भरून देत नाही. मॅग्नेशिअमचे आकडे शेजारी ठेवा : पहिला ७३८, दुसरा १४५१, तिसरा एकदम ७७३३. उडी दोनानंतर आहे, म्हणून मॅग्नेशिअम +२ वर थांबतो. कुठल्याही धातूचे असे आकडे हाती आले तर उडी कुठे आहे ते शोधा, बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन होते ते आपोआप कळेल.

घेणारा कोणी नसतानाही आयन होऊ शकतो, ऊर्जा पुरेशी असली म्हणजे झालं. ताऱ्यांमध्ये ती उष्णतेतून मिळते. किती तापमानाला आणि किती दाबाखाली कोणत्या मूलद्रव्याच्या किती अणूंचे आयन होतील, याचं समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं. ताऱ्यांच्या वर्णपटांवरून त्यांचं तापमान वाचता येऊ लागलं ते त्यामुळे.

पायरी ६ : आयन डोळ्यांसमोर आणा

आयन दिसत नाहीत, पण ते आहेत हे घरी दाखवता येतं. ९ व्होल्टची छोटी बॅटरी, एक लाल एलईडी, ३३० ते ४७० ओहमच्या दरम्यानचा एक रेझिस्टर, तीन-चार वायरी आणि दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. बॅटरी, रेझिस्टर, एलईडी आणि पेन्सिली एका माळेत जोडा. पेन्सिलींची खालची टोकं एका वाटीत एकमेकांपासून बोटभर अंतरावर बुडवायची. घरातल्या विजेच्या बोर्डाला हा प्रयोग कधीही जोडायचा नाही, पाणी आणि ती वीज जिवावर बेतते.

आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. एलईडी लागत नाही. वाटी पुसून नुसतं कोरडं मीठ भरा आणि पेन्सिली त्यात खुपसा. तरीही नाही. पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा. नाहीच. मग त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा, आणि एलईडी लागतो. पेन्सिलींच्या टोकांशी बुडबुडे दिसतील. थोडा क्लोरीनही तयार होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि अर्ध्या मिनिटात वायर काढा.

या चार वाट्यांत सगळा धडा आहे. साखर विरघळली तरी तिचे रेणू अखंडच राहतात, प्रभार वाहून न्यायला कोणी नाही. कोरड्या मिठात आयन आहेत, पण जागेवर जखडलेले. पाण्यात ते सुटे झाले आणि चालू लागले. पाण्याने आयन तयार केले नाहीत हे मुलांना आवर्जून सांगा. ते स्फटिकात आधीपासून होते, पाण्याने फक्त मोकळे केले. नळाच्या पाण्यावर एलईडी मिणमिणताना दिसेल, बोअरच्या जड पाण्यावर बहुधा जास्त. जड पाणी म्हणजे कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे आयन जास्त असलेलं पाणी.

"चालू लागले" हा शब्द मी मुद्दाम वापरला. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये या कणांना नाव दिलं ते "जाणारा" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण ते विद्युत अग्रांकडे जातात : धन आयन ऋणाग्राकडे, ऋण आयन धनाग्राकडे. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातलं "अयन" म्हणजेही जाणं, आणि तो शब्द व हा ग्रीक शब्द एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. आयन म्हटलं की अयन आठवा, अर्थ विसरायचा नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला. म्हणजे ६३ वर्षं माणसं आयनांबद्दल बोलत होती, मोजत होती, आणि आयन होतो कशामुळे हे कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या मुलाला हे एका संध्याकाळी समजलं नाही तर रागावू नका.

एक गैरसमज मात्र लगेच दूर करा. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडिअम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाण्याशी त्याची अभिक्रिया धडाक्याने होते. मग आमटीतलं सोडिअम का पेट घेत नाही? कारण आमटीत सोडिअमचे अणू नाहीतच, आयन आहेत. तो एक इलेक्ट्रॉन गेल्यावर वागणं इतकं बदलतं. बिस्किटांच्या पुड्यावर "सोडियम" किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं, तोही आयनच.

पायरी ७ : घरातल्या दोन वस्तूंवर सराव

पहिली वस्तू तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तुरटीत पोटॅशिअमचे +१ आणि ॲल्युमिनिअमचे +३ असे धन आयन असतात, आणि सल्फेट हा −२ चा ऋण आयन. सल्फेट म्हणजे एक गंधक आणि चार ऑक्सिजन यांचा गट, आणि तो गट मिळून एकच आयन. मातीचे बारीक कण पाण्यात ऋण प्रभारित असतात, म्हणून एकमेकांना दूर सारत तरंगत राहतात. ॲल्युमिनिअमचा +३ त्यांचा प्रभार मारतो, शिवाय त्यापासून ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचा बुळबुळीत साका तयार होतो, आणि कण त्यात अडकून खाली जातात. हेच काम करायला मीठ का वापरत नाहीत ते आता तुम्हीच सांगा. +१ आणि +३ यांतला फरक तिथे हातात येतो. (पाणी नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, ते उकळून घ्यावंच लागतं.)

दुसरी वस्तू ओआरएसचं पाकीट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटर पाण्यासाठी त्यात २.६ ग्रॅम सोडिअम क्लोराइड, १.५ ग्रॅम पोटॅशिअम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडिअम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ग्लुकोज साखरेसारखंच, त्याचे आयन होत नाहीत, त्याला बाजूला ठेवा. उरलेल्या तिघांचे पाण्यात किती आयन होतात, ते मिलिमोल (मोलचा हजारावा भाग) या मापात लिहू.

सोडिअम क्लोराइडमधून सुमारे ४५ सोडिअम आणि ४५ क्लोराइड. पोटॅशिअम क्लोराइडमधून २० पोटॅशिअम आणि २० क्लोराइड. सायट्रेटमधून १० सायट्रेट, आणि प्रत्येक सायट्रेटवर −३ प्रभार असल्यामुळे त्याच्यासोबत तिप्पट, म्हणजे ३० सोडिअम. एकूण सोडिअम ७५, पोटॅशिअम २०, क्लोराइड ६५, सायट्रेट १०.

आता वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे धन : ७५ आणि २०, बेरीज ९५. उजवीकडे ऋण : क्लोराइडचे ६५, सायट्रेटचे १० गुणिले ३ म्हणजे ३०, बेरीज ९५.